हवाईची होडी, अलास्काचं लाकूड आणि आपली उलांडी

मा. संपादक,
स.न.

कौंडिण्य जहाजाबद्दल जे जे छापून आलं ते सगळं मी वाचलं, अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात काथ्यानं शिवलेलं जहाज उभं राहिलं हे बघून खरंच ऊर भरून आला. पण हवाईच्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी असंच काम केलंय, त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

1975 साली त्यांनी होकुलेआ नावाची होडी पाण्यात सोडली. साधारण 62 फूट लांब, दोन होड्या शेजारी शेजारी, त्यावर आडवे दांडे टाकून सगळं दोरानं आवळलेलं, त्या सांध्यांना नट-बोल्ट नाहीत. कारण लाटेवर दोन्ही होड्या एकदम वर-खाली होत नाहीत, सांधा कडक असेल तर ताण तिथेच येतो आणि तिथेच मोडतं, दोर मात्र जरा ढिला पडतो न् परत धरतो. होकुलेआ हे एका ताऱ्याचं नाव, म्हणजे आपली स्वाती, हवाईत ती बरोबर डोक्यावरून जाते (मुंबईतही जवळपास तशीच!). 1976 ला ती होडी होकायंत्राशिवाय ताहिती बेटाला गेली, पण वाट दाखवायला मायक्रोनेशियाच्या बेटांवरून माउ पियाइलुग यांना बोलवावं लागलं, हवाईत होकायंत्राशिवाय वाट काढणं जाणणारं कोणी उरलंच नव्हतं.

तिचे सांगाडे मात्र प्लायवुड आणि फायबरचे होते. म्हणून नंतर ठरलं की हवाईलोआ ही होडी अस्सल लाकडाची करायची, आणि मग कोआ या तिथल्या झाडाचं मोठं खोड शोधत जंगलं पालथी घातली तरी एवढ्या मोठ्या होडीला पुरेल असं एकही खोड मिळालं नाही. शेवटी अलास्काच्या मूळ रहिवाशांनी स्प्रूसची (देवदारासारखं सूचिपर्णी झाड) सुमारे 400 वर्षांची दोन झाडं दिली तेव्हा कुठे 1993 ला ती पाण्यात गेली. हवाईच्या लोकांनी मग कोआची रोपं लावायला घेतली, ज्याची होडी त्यांच्या नातवंडांनासुद्धा बघायला मिळणार नाही.

हे वाचल्यापासून मला आमच्या आजोबांची उलांडीची होडी आठवतेय. आंब्याच्या एका खोडातून कोरलेली, बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं लाकूड, बांधलेली, तीपण दोरानंच. आता वाडीत सगळ्या फायबरच्या होड्या, मी कोणाला दोष देत नाही, त्या स्वस्त पडतात आणि डागडुजी कमी. पण खोड कसं निवडायचं, उलांडी किती लांब ठेवायची, दोर कुठून फिरवायचा हे माहीत असलेले म्हातारे सुतार अजून किनाऱ्यावर आहेत. आपल्या पेपरानं एक बातमीदार त्यांच्याकडे पाठवावा, मापं आणि फोटो घेऊन सगळं छापावं, आणि हे पावसाळ्याच्या आधी व्हावं.

आपला,
एक वाचक, मालवण