बिल पंपाचं काढता, पाण्याचं काय?

माननीय पाणीपुरवठा मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

सौरपंपावरच्या गावोगावच्या पाणी योजनांचे आकडे आपण सांगता, त्यात पंप मोजलेले असतात. पिण्याजोगं पाणी किती घरांत पोचलं, ते त्यात नसतं.

सौरऊर्जेबद्दल माझी तक्रार नाही. २०,००० लिटर पाणी ५० मीटर वर चढवायला, पंपाची तूट धरूनही, सहा-सात युनिट वीज पुरते. लख्ख उन्हात दोन किलोवॉटचे पॅनल ती सहज देतात. बॅटरीचीही गरज नाही. दिवसा उंचावरची टाकी भरली की रात्रीची सोय झाली.

पण पंप पाणी वर आणतो, शुद्ध करत नाही. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असेल तर तेच टाकीत चढतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम धरली आहे. त्याहून जास्त असलं तरी पाणी दिसायला नितळच. उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तिथंच राहतं. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग उमटले की मग धावपळ. म्हणून पॅनलचे खांब रोवण्याआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जायला हवा. जंतूंचा बंदोबस्त त्या मानाने सोपा, क्लोरिनने होतो. फक्त ते रोज टाकायला माणूस नेमलेला हवा.

आणखी एक. डिझेल जळायचं तेव्हा लोक पंप वेळेवर बंद करायचे. ऊन फुकट, त्यामुळे टाकी भरून वाहिली तरी उपसा चालूच. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवणं एवढं अवघड आहे का?

खरी मेख मात्र बिलात आहे. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतात; पंप आणि पॅनलची वीज पंपाला जुळवून देणारा कंट्रोलर त्याच्या कितीतरी आधी कुरकुरू लागतात. तोवर फीत कापून झालेली असते, कंत्राटदाराचं बिल निघालेलं असतं आणि योजना गावाच्या गळ्यात पडलेली असते. कंट्रोलरवर लाल दिवा लागला की बोलवायचं कुणाला? पॅनलवरची धूळ पुसायची कुणी, हेही ठरलेलं नसतं. वर सौर म्हणजे फुकट, हे भाषणांतून इतकं ऐकवलंय की दुरुस्तीसाठी पाणीपट्टी मागणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात.

तेव्हा निविदेची अट बदला. निम्मं बिल पाच वर्षांत विभागून द्या, तेही तोटीला पाणी आलं त्या दिवसांचा हिशेब आणि पाणी तपासणीचा अहवाल पाहून. तो अहवाल गावातल्या फलकावर लागला पाहिजे. पुढच्या निविदेत ही अट घालणार की नाही, ते जाहीरपणे सांगावं.

कळावे,
एक नागरिक