लेबलाचं काम पहिल्या पानावर आण

प्रिय गड्या,

तुझ्या पोर्टफोलिओची, म्हणजे निवडक कामांची, पीडीएफ काल दुकान बंद केल्यावर पाहिली. तुला एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जायचं आहे हे कळल्यापासून मला किती आनंद झाला, ते समोरासमोर सांगता येणार नाही, म्हणून लिहितो. पण फाईलचा क्रम मला पटला नाही. सुरुवातीला कॅफेचं ॲप आहे. नीटनेटकं आहे, तरी ते कुठल्याही गावच्या कुठल्याही पोरानं केलेलं असू शकतं. कीटकनाशकाच्या लेबलाचं काम मात्र तूच करू शकतोस, आणि ते तू शेवटी दोन पानांत कोंबलंस!

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले. कारणं बरीच होती, सगळा दोष लेबलावर टाकू नकोस. पण बाटलीवरचा तो तिरपा चौकोन डिझाइनचाच प्रश्न आहे. खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असला तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. म्हणजे हिरवं हेही विषच, फक्त त्यातल्या त्यात सौम्य. आणि तुझ्या टिपणातली, फवारणीसाठी पाणी वाहणारी ती बाई काय म्हणते? "हिरवं हाये म्हणजे पिकाले चांगलंच असन." हे वाक्य पूर्ण पानभर मोठं छाप. तुझ्या पोर्टफोलिओत याहून मोलाचं काही नाही.

त्याच्यामागे तुझी वही येऊ दे. पेन्सिलीची रेखाटनं, खोडलेले पर्याय, मजुरांना चित्रं दाखवून विचारलेले प्रश्न, कोणतं चिन्ह कुणाला उलटं कळलं ते सगळं. हातमोज्याचं चित्र बायांना "हात धुवा" वाटलं, हे तू का लपवलंस? तिथूनच तर तुझं दुसरं चिन्ह निघालं. तुझा विचार कसा चालतो ते मुलाखत घेणाऱ्यांना अशाच पानांतून दिसेल. चकचकीत मॉकअप, म्हणजे तयार वस्तूचं नमुना-चित्र, एखादंच ठेव.

आता अक्षरांचं. हे मी रोज फ्लेक्सवर पाहतो, म्हणून हक्कानं सांगतो. शीर्षकात तू अक्षरांमधलं अंतर वाढवलंस, त्यानं शिरोरेषा तुटली. इंग्रजीत ते खपतं, देवनागरीत शब्दच मोडतो. ओळींमध्येही जागा सोड, वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. मुक्त फॉन्ट हवा असेल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' घे, बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. जुना मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये आण, नाहीतर कोरलमध्ये त्याचे कर्व्ह करून घे, म्हणजे अक्षरांची चित्रंच होतात. दुसऱ्याच्या मशीनवर फाईल उघडली आणि मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. विषयच वाचता येण्याचा आहे, तिथं ही चूक शोभणार नाही.

ज्यांनी 'मंगल' हा फॉन्ट घडवला ते र. कृ. जोशी आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या संस्थेत, शिकवायचे. ती संस्था १९६९ पासूनची. तू तिथंच अर्ज करतोयस, म्हणून देवनागरीचं हे काम तिथं परकं वाटणार नाही असं मला मनापासून वाटतं. अर्थात आधी सीईईडी ही प्रवेश परीक्षा पार पडली पाहिजे, पोर्टफोलिओ मुलाखतीच्या वेळचा. अभ्यास सोडून नुसती पानं सजवत बसू नकोस.

कामं चारच ठेव. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांची पोस्टरं तू वडशाहून फोटो काढून आणलीस, त्यावरचं काम दुसरं लाव. कॅफेचं ॲप काढूनच टाक.

पुढच्या बाजारच्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन दुकानात ये. पिवळा आणि हिरवा त्रिकोण स्क्रीनवर वेगळे दिसतात, कागदावर कसे उतरतात ते छापूनच पाहू. लेबल बाटलीच्या खऱ्या मापात काढू आणि तुझ्या आईला चष्म्याशिवाय वाचायला देऊ.

तुझाच,
फ्लेक्सवाला दोस्त