आसनं मोजता, तशी माणसंही मोजा

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री
यांस,

स. न. वि. वि.

मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये मी एकतीस वर्षं काढली. त्यातच आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तिचं नाव लिहीत नाही, कारण मला जे मांडायचं आहे ते एका कंपनीपुरतं नाही. विलीनीकरण म्हणजे काय ते मला स्टाफ रूमच्या बोर्डावर कळलं. एका दुपारी तिथे एकत्रित सीनियॉरिटी लिस्ट लागली. टाचणीने टोचलेले बारा-पंधरा कागद आणि समोर शिफ्ट सुटलेल्यांची गर्दी. माझ्या शेजारी आमचे एक जुने लोड कंट्रोलर, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब करणारे, कागदावरून बोट फिरवत आपलं नाव शोधत होते. त्यांच्याच हाताखाली शिकून दुसऱ्या कंपनीत गेलेली पोरं, तिकडे बढती लवकर मिळाली म्हणून, आता यादीत त्यांच्या वर होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग एक शब्द न बोलता खाली गेले, कारण साडेचारच्या फ्लाइटची लोड शीट द्यायची होती.

त्यांचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून हे पत्र.

विस्तारा आणि एअर इंडिया यांच्या एकत्रीकरणाची आपल्याकडे तपासणी झालीच नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०२३ मध्ये कारणे दाखवा नोटीस काढली आणि १ सप्टेंबर २०२३ रोजी, कंपन्यांनी स्वतःहून दिलेल्या हमी पाळण्याच्या अटीवर, मंजुरी दिली. सिंगापूरच्या स्पर्धा आयोगाने मार्च २०२४ मध्ये आणखी बारीक अटी घातल्या. सिंगापूरहून मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि तिरुचिरापल्लीला जाणाऱ्या विमानांतली आसनं करोनापूर्व पातळीखाली जाऊ द्यायची नाहीत, आणि ती जातात की नाही हे पाहायला स्वतंत्र लेखापरीक्षक नेमायचा. प्रवाशाचं हित जपायला हे हवंच. पण दोन्ही कंपन्यांतल्या हजारो कर्मचाऱ्यांची सीनियॉरिटी, पगार, बेस (नेमणुकीचं शहर) यांचं काय होणार, हे बघायला लेखापरीक्षक कुणी नेमला?

त्याचं उत्तर एप्रिल २०२४ मध्ये मिळालं. नव्या पगाररचनेत विस्ताराच्या वैमानिकांना हमीच्या पगारासाठी धरलेले उड्डाणाचे तास ७० वरून ४० वर आले. नाराज वैमानिक आजारी रजेवर जाऊ लागले, फ्लाइट्स रद्द होत गेल्या आणि शेवटी कंपनीला दिवसाला २५ ते ३० उड्डाणं कमी करावी लागली. पुढच्याच महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये, एआयएक्स कनेक्टशी (पूर्वीची एअरएशिया इंडिया) विलीनीकरण चालू असताना, दोनशेहून अधिक केबिन क्रू एकदम आजारी रजेवर गेले. पंचवीस जणांना काढलं गेलं. मुख्य कामगार आयुक्तांच्या मध्यस्थीनंतर त्यांना परत घेतलं. ज्या प्रवाशाच्या हितासाठी आयोगाने फायली तपासल्या, तोच प्रवासी त्या दिवसांत लहान मुलं घेऊन बॅगेवर बसून होता. माणसांचा प्रश्न बाजूला ठेवून प्रवाशाचं हित जपता येत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने एकतीस वर्षं पाहिलंय.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांची सांधेजोड कशी करायची हे ठरवायला न्या. धर्माधिकारी समिती नेमली गेली ती २०११ मध्ये. त्याच वर्षी एका बाजूच्या वैमानिकांचा संप झाला. २०१२ मध्ये दुसऱ्या बाजूचा संप ५८ दिवस चालला, नव्या ड्रीमलाइनर विमानांचं ट्रेनिंग कुणाला मिळणार यावरून. आज स्पर्धा आयोगाला विलीनीकरणाचा निर्णय १५० दिवसांत द्यावा लागतो. बढती, बेस आणि रोस्टरची भांडणं मात्र पुढे वर्षानुवर्षं माणसं एकट्याने लढतात.

साहेब, प्रश्न नोकरी टिकण्याएवढाच नाही. पूर्वी एका ठिकाणी पटलं नाही तर दुसरीकडे अर्ज टाकता यायचा. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. विस्तारा आणि एअरएशिया इंडिया टाटांच्या छत्राखाली विलीन झाल्या. आज देशांतर्गत दहापैकी नऊ प्रवासी इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाच्या विमानात बसतात. तिकीट काढणाऱ्याला मोठी दोनच दुकानं उरली, म्हणून आपण काळजी करतो. पोटापाण्यासाठी या धंद्यात आलेल्या मुलीलाही दारं ठोठवायला जवळपास तेवढीच उरलीत. त्यात तुमच्याच डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाने कॅप्टनला १२ महिन्यांचा आणि को-पायलटला ६ महिन्यांचा नोटीस पीरियड आहे. नियमामागचं कारण मला कळतं. पण कंपन्या बऱ्याच असतानाचा नियम मोठ्या कंपन्या दोनच उरल्यावर तसाच ठेवायचा का, हे पुन्हा तपासायला हवं.

स्पर्धा कायद्याचं कलम २० (४) मी नातीकडून मोबाइलवर उघडून घेतलं आणि सगळं वाचलं. विलीनीकरण तपासताना आयोगाने काय काय पाहावं, याची यादी तिथे आहे. किमती वाढतील का, नवा स्पर्धक येऊ शकेल का, धंदा बुडायला आलाय का. नोकऱ्यांचा उल्लेख नाही. २०२३ मध्ये संसदेने हा कायदा दुरुस्त केला, तेव्हाही तो आला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात रोजगारावरचा परिणाम तपासणं बंधनकारक आहे. अमेरिकेनेही डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कामगारांसाठी असलेली स्पर्धा विचारात घेतली.

विलीनीकरणं रोखा, असं माझं म्हणणं नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने जेटब्लूला स्पिरिट घेऊ दिली नाही, आणि त्याच नोव्हेंबरात स्पिरिटने दिवाळखोरीचा अर्ज केला. बुडालेल्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे हाल मुंबईने जेटच्या वेळी पाहिलेत. माझ्या ओळखीत असे आहेत ज्यांचे थकलेले पगार अजून आलेले नाहीत. कंपनी जगणार असेल तर ती विलीन होऊ द्या.

पण परवानगीच्या अर्जासोबत माणसांचाही आराखडा मागा. सीनियॉरिटी कोणत्या तारखेपासून धरणार, पगाराचा कोणता भाग हमीचा, कुणाचा बेस हलणार, निवृत्तीचं वय कोणतं, किती पदं जाणार. हे मंजुरीआधी लिहून घ्या, युनियनला दाखवा, आणि आसनांसारखंच तेही वर्षाच्या शेवटी कुणीतरी बाहेरचा तपासू दे. कायदा कंपनी व्यवहार मंत्रालयाचा आहे, त्यात बदल तुम्ही एकटे करू शकत नाही, हे मला माहीत आहे. पण तुमच्या मंत्रालयाने लेखी मागणी केली तर ती तिथे बाजूला पडणार नाही. नोटीस पीरियडचं तर तुमच्याच खात्यात आहे.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून पुढच्या वेळी निघाल तेव्हा काउंटरवरच्या मुलीला एवढंच विचारा, की कंपनी उद्या विकली गेली तर तुझी सीनियॉरिटी कुठून धरतील, हे तुला कुणी लेखी दिलंय का. ती जे सांगेल, ते दिल्लीच्या बैठकीत मांडा.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त विमानतळ कर्मचारी, विलेपार्ले