टीव्हीचे जादा पैसे नेमके कशाचे?

फोंडा, गोवा
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नवा टीव्ही कोणता घ्यायचा हे फोनवर काही ठरणार नाही, म्हणून लिहून पाठवते. आकडे सुरू झाले की बाबा फोन आईकडे देतात आणि आई म्हणते, "तुम्ही दोघं ठरवा की." शिवाय बाबांना हिशेब कागदावर दिसल्याशिवाय पटत नाही. कौल कारखान्यात सगळी नोकरी वही सांभाळण्यात गेली, आता सवय कशी सुटणार!

आधी डोळ्याचं सांगते, कारण आई त्या काळजीत आहे. गणपतीत काकांच्या ४३ इंची टीव्हीवर बातम्या बघताना बाबा म्हणाले होते, "मोतीबिंदू काढला तरी खालची अक्षरं फुटूनच दिसतात. एचडी म्हणजे नुसती जाहिरात." तेव्हापासून आईला वाटतंय, ऑपरेशन बिघडलं की काय. पण ती अक्षरं मलाही फुटलेलीच दिसत होती. मी टीव्हीच्या मागे वाकून बघितलं. टीव्ही फुल एचडी आहे, पण त्याला सेट-टॉप बॉक्स जुनाच जोडलाय, तोही लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. तेव्हा फुटत होतं ते चित्रच. तरी डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितलीय, ती चुकवू नका.

आता बाबांसाठी गणित. साध्या म्हणजे एसडी चॅनेलचं चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके मिळून होतं. फुल एचडीत तेच १९२० आणि १०८० असतात, म्हणजे एकूण ठिपके पाचपट. फोर-केत ३८४० आणि २१६०, म्हणजे फुल एचडीच्याही चौपट. दुकानदार एवढंच सांगतो आणि थांबतो. पण ठिपके मोजायचे ते खुर्चीत बसून.

आपल्या सोप्यात बाबांची आरामखुर्ची कोनाड्यापासून दहा फुटांवर आहे. चांगल्या नजरेच्या माणसालाही दहा फुटांवरून साधारण ०.९ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपका सुटा दिसत नाही. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा एक ठिपका अर्धा मिलिमीटर भरतो आणि फोर-केचा पाव. दहा फुटांवरून दोन्ही सारखेच! फोर-केचा फायदा हवा असेल तर खुर्ची साडेपाच फुटांच्या आत ओढावी लागेल, आणि मग आई सोप्यातून माजघरात जाणार कुठून? ती स्वतः तर उंबऱ्यावर बसून बघते, तिचं अंतर चौदा फूट. म्हणजे फोर-केसाठी जे पाच-सहा हजार जादा मागतात, ते आपल्या सोप्यात कुणाच्या डोळ्यापर्यंत पोचत नाहीत.

एसडीचं मात्र उलटं आहे. ४३ इंचावर एसडी चित्र ताणलं की त्याचा एकेक ठिपका आडवा १.३ मिलिमीटरपर्यंत जातो. तो दहा फुटांवरून दिसतो, आणि बाबांना तोच दिसला. आपल्या २१ इंची डब्यात तेच चित्र अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास बसत होतं, म्हणून इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मोठा टीव्ही आणि जुना बॉक्स ही सगळ्यांत वाईट जोडी, आणि गावात निम्म्या घरांत तीच दिसते. पन्नास हजारांचा टीव्ही भिंतीला, आणि खाली बारा वर्षांपूर्वीचा बॉक्स.

म्हणून माझं म्हणणं असं की टीव्ही आणि बॉक्स यांचा निर्णय एकत्र घ्यायचा. दर महिन्याला एचडी चॅनेलचे पैसे भरायचे नसतील तर सरळ ३२ इंची घ्यावा, अकरा-बारा हजारांत काम होतं आणि त्यावर एसडी चित्र इतकं फुटत नाही. एचडी बॉक्स घेणार असाल तरच ४३ इंची फुल एचडी. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, म्हणजे ४३ आणि एचडी बॉक्स.

महिन्याचा खर्च बाबा समजतात तेवढा नाही. पूर्ण एचडी पॅक घ्यायची सक्ती नसते. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने चॅनेल सुटी निवडता येतात, आणि पॅकमध्ये घालायच्या चॅनेलला १९ रुपयांची कमाल मर्यादा आहे. आईच्या मालिकांसाठी झी मराठी आणि स्टार प्रवाह एचडीत मिळतात, बाबांच्या क्रिकेटसाठी एक खेळाचं चॅनेल. प्रत्येकी १९ धरले तर ५७, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ६७ रुपये. आणि एचडी घेतलं की त्यांचीच एसडी चॅनेलं काढून टाकायची, एकाच मालिकेचे दोनदा पैसे कशाला? आपल्याकडे कर्नाटकात केबलवाल्याच्या पॅकमध्ये कन्नड चॅनेलंच जास्त आणि मराठी मागून घ्यावी लागतात, म्हणून मी डीटीएच, म्हणजे घरची स्वतःची डिश, म्हणते. कन्नड बातम्या बाबा बघतात, ते एक-दोन फुकट चॅनेलांत भागेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर दिवाळीनंतर मला ऐकावं लागेल. मराठी बातम्यांची बहुतेक चॅनेलं एसडीतच येतात. त्यामुळे खालची पट्टी नव्या टीव्हीवरही मालिकेइतकी स्वच्छ दिसणार नाही. काकांकडच्यापेक्षा बरी दिसेल, कारण एचडी चित्र नेणारी एचडीएमआय वायर असेल, बस्स. क्रिकेटमध्ये मात्र फरक डोळ्यात भरतो. एसडीत चेंडू बॅटला लागल्यावर नुसती पांढरी रेघ उरते, एचडीत तो सीमारेषेपर्यंत दिसतो. कुस्ती-कबड्डीतही पकड कुणाची, हात कुठे आहे, हे कळतं. आनंदवाडीच्या आखाड्यात पहिल्या रांगेत बसायला मिळावं म्हणून दुपारपासून जाऊन बसणाऱ्या माणसाला हे मी वेगळं सांगायला नको.

यूट्यूबवर बातम्या एचडीत दिसतात असं शेजारचा पोरगा म्हणेल. खरं आहे, पण घरात फायबर इंटरनेट आल्याशिवाय त्या नादाला लागू नका. एचडी व्हिडिओ तासाला जवळपास ३ जीबी डेटा खातो. मोबाईलचा दिवसाचा दीड जीबी अर्ध्या तासात संपेल आणि संध्याकाळी माझा फोन लागणार नाही.

पावसाचं विचारलं होतंत. डीटीएचची छोटी डिश ज्या लहरींवर चालते त्या जोराच्या पावसात शोषल्या जातात, एचडी असो की एसडी. खानापूरच्या आषाढात दुपारी चित्र जाणारच, महागडा टीव्ही घेऊन ते थांबणार नाही. केबलवाल्याची मोठी डिश दुसऱ्या लहरींवर असते, तिला पावसाचा त्रास कमी. पण कणकुंबीकडून तसा पाऊस उतरला की वीजही जातेच, मग टीव्हीवर एकट्यावर राग कशाला? खरी भीती वळवाची. आभाळ गडगडायला लागलं की प्लगही काढायचा आणि डिशची वायरही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशच्या वायरीतून आलेला झटका बॉक्समधून टीव्हीत शिरतो. स्टॅबिलायझर मात्र बहुतेक लागणार नाही. मागच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमी दाबातही टीव्ही चालतो.

वीजबिलाची बाबांची शंका रास्त आहे, कारण मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत आपल्याला मागच्या सरासरीपेक्षा थोडीच जास्त युनिट मिळतात. पण ४३ इंची एलईडी साधारण ८० वॅट घेतो. दिवसाला पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट. आपला जुना डबाही जवळपास तेवढंच घेत होता. सरासरी काही हलणार नाही.

आवाजाचं कुणीच बोलत नाही. आताचे टीव्ही इतके चपटे की स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात, आणि आवाज भिंतीशीच बोलतो. बाबा आवाज वाढवतात, आई कमी कर म्हणते, आणि मालिकेतले संवाद दोघांनाही कळत नाहीत. फोर-केचे वाचवलेले पैसे मी इथे घालीन. तीन-साडेतीन हजारांचा साउंडबार टीव्हीखाली ठेवला की माणसाचं बोलणं सुटं ऐकू येतं. चित्र थोडं कमी असलं तर माणूस अंदाजाने समजून घेतो, बोलणं कळलं नाही की उठून जातो. आई तर निम्मी मालिका भाकऱ्या थापताना कानांनीच बघते.

किमतीचं म्हणाल तर थांबलात ते बरं झालं. ३२ इंचावरच्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबरपासून १८ टक्के झाला. मूळ किंमत २० हजार असेल तर आधी २५,६०० पडायचे, आता २३,६००. ३२ आणि त्याखालच्यांवर आधीपासून १८च होता, त्यात काही फरक नाही. दुकानात "दिवाळी ऑफर, दोन हजार सूट" अशी पाटी दिसली तर ती सूट दुकानदाराची की सरकारची, हे विचारून घ्या.

बेळगावच्या खडेबाजारात जाऊन बघणार असाल तर एवढं करा. दुकानात टीव्हीवर मोर, धबधबे आणि लाल मिरच्यांचे ढीग लावलेले असतात. ते चित्र मुद्दाम दुकानासाठी बनवलेलं असतं आणि रंगही भडक केलेले असतात. त्याला म्हणा, मराठी मालिकेचं चॅनेल लाव, रंगाचं सेटिंग स्टँडर्डवर ठेव, आणि मग दहा पावलं नाही, दहा फूट मागे जाऊन बघा. आईला बरोबर न्या. बाबा एकटे गेले तर स्वस्तातलं घेऊन येतील आणि काकांबरोबर गेले तर ५५ इंची. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर (उजळ-गडद जास्त ठळक दाखवण्याची सोय) वगैरे लिहिलेलं असतं, त्यासाठी एक रुपया जादा देऊ नका. तेवढा उजेड त्या पॅनेलमध्ये नसतो. फुल एचडीचीच मॉडेलं आता कमी ठेवतात. फोर-के त्याच किमतीत देत असेल तर खुशाल घ्या, नुकसान काही नाही. आणि सर्व्हिसचा माणूस बेळगावहून खानापूरला येतो का, याचं उत्तर बिलावर लिहून घ्या. तोंडी "येतो की हो" सगळेच म्हणतात.

आता पैशांचं. आई, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार तू महिन्याला पिग्मी बचतीत टाकत आलीस आणि त्यातून टीव्ही घेणार म्हणतेस. बाबांचं म्हणणं, ते पैसे कौलं चाळायला ठेव. मला विचाराल तर कौलांचा खर्च घराचा आहे, तो आपण तिघांनी मिळून पावसाआधी करू. पिग्मी आईची आहे. तिला त्यातून टीव्ही घ्यायचा असेल तर त्यावर वहीत लाल शाईने काही लिहू नका, बाबा. एचडी बॉक्स आणि वर्षाचं रिचार्ज माझ्याकडून. साउंडबारचं मी इथेच बघते, येताना घेऊन येईन.

चोर्ला घाटातला रस्ता बरा असला तर १८ तारखेला दुपारपर्यंत पोचते. तोवर दुकानात आगाऊ पैसे भरू नका. एक काम मात्र आजच करा. कोनाड्याची रुंदी मोजून कळवा. ४३ इंच म्हणजे तिरकं माप असतं, टीव्ही आडवा साधारण ९७ सेंटिमीटर भरतो. कोनाडा त्याहून अरुंद असला तर देवघराच्या बाजूची भिंत बघावी लागेल, आणि तिथे प्लग नाही.

तुमची,
माई