मशीनला सर्टिफिकेट आहे, पण गार्ड कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मशीनरीच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) सर्टिफिकेटवरून आमच्या गोव्यातल्या कुंडईच्या इंडस्ट्रियल एस्टेटीत सध्या बरीच चर्चा चालते, चहाच्या गाड्यावर सुद्धा, पण त्यात मुख्य गोष्ट कुणी काढतच नाही म्हणून हे पत्र. मी मेंटेनन्सला आहे, फिटर म्हणून लागलो, आता इलेक्ट्रिकलचं पण बघतो.

केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ऑर्डर काढली की पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, मशीन टूल्स वगैरे बऱ्याच मशीनींना बीआयएस सक्तीचं. ती लागू व्हायची होती ऑगस्ट २०२५ ला, मग तारीख ढकलली १ सप्टेंबर २०२६ वर. छोट्या बनवणाऱ्यांना टेस्टिंगचा खर्च झेपत नाही हे मला मान्य आहे, त्यावर भांडण नाही. पण लोकांचा समज झालाय की एकदा ही ऑर्डर लागू झाली की मशीनी सेफ. अहो, ती ऑर्डर मशीन बनवणाऱ्याला आणि बाहेरून आणणाऱ्याला आहे, शेडमध्ये आधीपासून जो सेकंडहँड पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापायचं, आकार द्यायचं मशीन) उभा आहे त्याचं काय?

दुसरा गोंधळ बोर्डांचा. गेटवर आयएसओ ९००१ लिहिलं की सगळ्यांना वाटतं सेफ्टी पण आली. ते क्वालिटी मॅनेजमेंटचं आहे, प्रेसच्या गार्डशी, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावायच्या झाकणाशी, त्याचा संबंध नाही. युरोपचा सीई मार्क बघून पण लोक खूश होतात, तो बहुतेक मशीनींना बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, बाहेरच्या कुणी मशीन तपासलेलं असतंच असं नाही. मशीनच्या सेफ्टीचं मूळ स्टँडर्ड म्हणजे आयएसओ १२१००, आपल्याकडे तेच आयएस १६८१९. त्यात क्रम दिलाय, आधी डिझाइनमध्येच धोका काढा, नाही जमलं तर गार्ड लावा, आणि तरी उरेल त्याच्यासाठी सूचना. आमच्याकडे सुरुवातच "सावधान" च्या बोर्डाने होते आणि तिथेच संपते.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. प्रेसला दोन पुश बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम (वरचा दाबणारा भाग) खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये (खालच्या साच्यात) राहायला नकोत म्हणून. टार्गेट वाढलं की एका बटणात लाकडाची चीप खुपसून ते कायमचं दाबून ठेवतात, मग एका हाताने जॉब सरकवायचा आणि दुसऱ्याने स्ट्रोक मारायचा. चांगल्या पॅनलमध्ये टू-हँड सेफ्टी रिले असतो, दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली नाहीत, किंवा मधे दोन्ही सोडली नाहीत, तर तो स्ट्रोकच देत नाही, चीप खुपसून काही उपयोग नाही. पण रिलेचं कोटेशन बघितलं की पात्रांव (मालक) म्हणतो साधा कॉन्टॅक्टर (नुसता चालू-बंद करणारा स्विच) लाव, चालतं. दार उघडलं की मशीन थांबवणाऱ्या गार्डच्या स्विचची पण तीच कथा, दारावरची पट्टी स्क्रू काढून थेट स्विचमध्ये घातलेली आणि वरून केबल टाय, दार सताड उघडं आणि पॅनलला वाटतंय बंद आहे. हे ऑपरेटर एकटा स्वतःच्या डोक्याने करतो असं कुणी समजू नये. सुपरवायझरच सांगतो, बाबा आत्ता जम्पर मार (म्हणजे वायर जोडून सेफ्टी स्विच बाजूला टाक), शिफ्ट संपली की बघू, आणि मग ते बघायला कुणी येत नाही. खंडेनवमीला त्याच प्रेसला झेंडूचा हार घालून नारळ फोडतो, तेव्हा मात्र मेन स्विच आठवणीने ऑफ असतो.

एका युनिटमध्ये, नाव लिहीत नाही, कॉन्ट्रॅक्टरकडून आलेल्या ओडिशाच्या पोराची दोन बोटं गेली. मशीनवरच्या सूचना चायनीजमध्ये. दोन दिवसांत गार्ड वेल्ड करून बसला, रंग अजून ओला, आणि लगेच त्याचा फोटो फाइलला. म्हणजे गार्ड बनवायला पत्रा, अँगल, वेल्डर सगळं होतं, आधी बनवला नव्हता इतकंच.

फिरणारे, धोक्याचे भाग झाकून ठेवा आणि मशीन चालू असताना गार्ड जागेवर पाहिजे, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या २१ व्या कलमातच होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी कामगारांच्या सेफ्टीचा नवा कायदा, म्हणजे कोड, आला, आणि त्यात पॉवरवर चालणाऱ्या युनिटला फॅक्टरी म्हणायची मर्यादा १० कामगारांवरून २० केली. दहाच्या वरची युनिटं कोडच्या बाहेर गेली असं नाही, पण फॅक्टरी म्हणून जे नियम ते त्यांना नाहीत. गोव्यातल्या कुठल्याही एस्टेटीत फिरा, फॅब्रिकेशन, प्लास्टिक मोल्डिंग, पॅकिंगची अशी बारा-पंधरा माणसांची शेडं किती दिसतात ते बघा, आणि जुने प्रेस तिथेच जास्त.

माझं म्हणणं एवढंच की कागद तपासताना मशीन पण चालवून बघा. इन्स्पेक्टरने फाइल मागायच्या आधी गार्डचं दार उघडावं, मशीन थांबतं का बघावं, दोन मिनिटांचं काम. जम्पर मारायचाच झाला तर कुणी सांगितला, किती वाजता मारला, कधी काढला हे मॅनेजरच्या सहीने रजिस्टरला लिहायची सक्ती करा, सही करायची म्हटल्यावर निम्मे जम्पर मारायचेच राहतील. आणि बँका सेकंडहँड मशीनला लोन देताना व्हॅल्युएशन मागतात, त्यातच गार्ड आणि इमर्जन्सी स्टॉप चालू आहेत का हा एक रकाना घालायला काय जातं?

तुमच्या पेपरला पण विनंती, ४ मार्चला सेफ्टी डे चे शपथ घेतानाचे फोटो येतात ते येऊ देत, पण एखादा रिपोर्टर सेकंड शिफ्टला पाठवा, न सांगता.

नाव छापू नये, नोकरी अजून चालू आहे.

आपला,
एक मेंटेनन्सवाला, फोंडा