४२६ की ३८८

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सात महिन्यांत मी तुला एक ओळही लिहिली नाही आणि आज लिहितो आहे तेही काल रात्री पोकेमॉनचा एक सामना हरलो म्हणून, हे वाचून तू रागावशील याची मला कल्पना आहे. खुशाल रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. जे घडले ते दादाला सांगितले, तर त्याने मान हलवून ‘गेम होता, गेला’ एवढेच म्हटले. ड्रॅगनाइटच्या वेगातले पाच अंक म्हणजे काय, हे ज्याला कळते असा माणूस मला तुझ्यावाचून दुसरा नाही. घरी सर्व ठीक आहे, माझी पाठही आता दुखत नाही.

आधी कबुली देतो. आपल्या थोरल्याचे, म्हणजे आपल्या ड्रॅगनाइटचे, नेचर मी बदलले: वेग वाढवणारे ‘जॉली’ काढून अटॅक वाढवणारे ‘अ‍ॅडमंट’ दिले. तू गेल्यावर महिनाभरातच बदलले आणि तुला कळवले नाही. सिम्युलेटरवर त्याला काही लागतच नाही; खेळातल्यासारखे मिंट शोधायला नको की काही नको, ‘जॉली’ हा शब्द काढायचा आणि ‘अ‍ॅडमंट’ लिहायचा, झाले. तो शब्द बदलताना तुझी आठवण झाली होती, म्हणूनच तुला लिहायचे टाळले, आणि एकदा टाळले की पुढचे पत्र लिहिणे आणखी अवघड होत जाते.

माझे तेव्हाचे म्हणणे असे होते की थोरला शेवटी एक्स्ट्रीम स्पीडनेच मारतो, ती चाल वेग न पाहता आधी चालते, मग वेगावर नेचर कशाला खर्च करायचे? अ‍ॅडमंटने अटॅक ३६७ चा ४०३ होतो आणि अटॅक व वेग दीडपट करणाऱ्या एका ड्रॅगन डान्सनंतर ५५० ऐवजी ६०४. कागदावर हे इतके स्वच्छ दिसत होते की तू समोर असतास तर मी तुला तासभर बोलू दिले नसते. तू नव्हतास, त्यामुळे वाद झालाच नाही आणि मी जिंकलो असे मला वाटत राहिले.

आता काल काय झाले ते ऐक. समोरच्याचे तीन पोकेमॉन उरले होते: ग्रेट टस्क एक तृतीयांशावर, आयर्न व्हॅलियंट ८० टक्क्यांवर आणि ड्रॅगापल्ट अर्ध्याच्या खाली. ड्रॅगापल्ट त्याच्याकडे आहे हे मला पहिल्या क्षणापासून, सहाही चित्रे समोर आली तेव्हापासून, दिसत होते. माझ्याकडे थोरला पूर्ण एचपीवर, म्हणजे पूर्ण जीवावर, होता आणि तुझा पक्षी-पोकेमॉन कोतवाल चाळीस टक्क्यांवर. मैदानात ग्रेट टस्क उभा होता आणि माझा चौथा नुकताच पडल्यामुळे पुढे कोणाला पाठवायचे हे माझ्या हातात होते. मी थोरल्यालाच पाठवले असते तर तो न बोचता उतरला असता. पण मी घाबरून आधी कोतवाल पाठवला आणि पुढच्याच खेळीत मन बदलून त्याला हाताने मागे घेऊन थोरला आणला. त्या खेळीला ग्रेट टस्कने जवळची वस्तू पाडणारा नॉक ऑफ मारला. पूर्ण एचपीवर असतानाच चालणाऱ्या मल्टिस्केलने फटका अर्धा केला खरा, पण मल्टिस्केल त्यातच खर्ची पडले आणि पायातले हेवी-ड्यूटी बूट्सही गेले. मग मी ड्रॅगन डान्स केला आणि दुसरा नॉक ऑफ अंगावर घेतला. थोरल्याचे ३२३ पैकी दोनशेच्या आसपास उरले.

तिथून मात्र खेळ आपला होता. टेरा नॉर्मल करून, म्हणजे थोरल्याचा प्रकार बदलून नॉर्मल करून, एक्स्ट्रीम स्पीड दिला, ग्रेट टस्क गेला. आयर्न व्हॅलियंट आला, पुन्हा एक्स्ट्रीम स्पीड दिला, तोही गेला. नंतर ड्रॅगापल्ट आला. तो घोस्ट प्रकारचा, आणि घोस्टला नॉर्मल चाल लागतच नाही, म्हणून अर्थक्विक हा एकच उपाय होता, आणि तो लागला असता तर ड्रॅगापल्ट निश्चित पडला असता, कारण त्याच्या अंगात अर्धाही जीव नव्हता. पण अर्थक्विक आधी चालायला हवा ना! ड्रॅगन डान्सनंतर अ‍ॅडमंट थोरल्याचा वेग ३८८ आणि ड्रॅगापल्टचा ४२१. त्याने ड्रॅको मीटिअर टाकला आणि सामना संपला. जॉली असता तर थोरल्याचा वेग ४२६ झाला असता. ४२१ ला ४२६. तू दोन वर्षांपूर्वी वहीच्या मागच्या पानावर हेच दोन आकडे लिहून त्यांच्याभोवती चौकोन काढला होतास आणि मी त्याच पानावर सेलची बेरीज करून चौकोन गिचमिड करून टाकला होता.

इथवर वाचून तू ‘मी म्हणालो नव्हतो?’ असे म्हणशील, आणि ते ऐकायला मी तयार आहे. पण मला रात्रभर झोप लागली नाही ती एवढ्यासाठी नव्हे. पहाटे उठून मी आयर्न व्हॅलियंटचा फटका पुन्हा मोजला. त्याने बचावात काहीच गुंतवले नव्हते असे धरले तर त्याच्या २८९ पैकी २३१ एचपी उरले होते. माझ्या अ‍ॅडमंट एक्स्ट्रीम स्पीडचा अगदी कमीत कमी फटकासुद्धा २४० चा होता, म्हणजे तो मरणारच होता. जॉलीने तोच फटका २२० पासून २५९ पर्यंत जातो. सोळा शक्यता एकेक करून मांडल्या, त्यांतल्या अकरांत तो मरतो आणि पाचांत वाचतो. वाचला की क्लोज कॉम्बॅट, आणि नॉर्मल झालेला थोरला त्यात उभा राहात नाही. म्हणजे ज्या नेचरने मला दुसरा बळी खात्रीने दिला, त्याच नेचरने तिसरा हिरावून नेला. तुझे नेचर असते तर सोळात अकरा वेळा जिंकलो असतो, माझ्या नेचरने एकदाही नाही. एवढ्यावर निकाल तुझ्या बाजूने लागतो, हे मी मान्य करतो. पण ती पाच घरे माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, आणि तुला ती सांगितल्याशिवाय जाणारही नाहीत.

तुला आठवते का, हार्टगोल्डमध्ये ड्रॅगनच्या गुहेतल्या म्हाताऱ्याने प्रश्न विचारले तेव्हा तू पोकेमॉनला काय मानतोस या प्रश्नावर मी उत्तर निवडायला किती वेळ लावला होता? तू शेजारी बसून ‘मित्र म्हण, मित्र म्हण’ असे ओरडत होतास. सर्व उत्तरे बरोबर आली म्हणून पुढे ड्रॅगनाइट झालेल्या त्या ड्रॅटिनीला एक्स्ट्रीम स्पीड मिळाला, आणि आपण त्याला थोरला म्हणालो, कारण तो आपल्या दोघांच्याही टीममध्ये सर्वांत आधी आला होता. त्यानंतर जितक्या आवृत्त्या झाल्या तितक्यांत आपण थोरला ठेवलाच. बूट्स २०१९ मध्ये आले, त्याआधीच्या काळात समोरच्याने पेरलेल्या स्टेल्थ रॉकच्या दगडांवर पाय पडताच पाव एचपी आणि सगळे मल्टिस्केल जायचे. तेव्हा मी तुला त्याला काढू म्हणालो होतो आणि तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास. तो अबोला मला आजही अन्यायाचा वाटतो, हे एकदा लिहून ठेवतो. पण थोरला राहिला हे बरे झाले.

आता खरी अडचण सांगतो. ड्रॅगापल्टला उत्तर थोरल्याकडेच हवे असे नाही. अ‍ॅडमंट तसाच ठेवून टीममध्ये किंगॅम्बिट घेतला, तर ड्रॅगन आणि घोस्ट दोन्ही चाली तो अर्ध्यावर झेलतो, सकर पंचने आधी मारतो, आणि आपले जितके पडलेले असतील तितका त्याचा फटका प्रत्येकी दहा टक्क्यांनी वाढतो. थोरल्याने वाट फोडायची आणि किंगॅम्बिटने उरलेले आवरायचे, हा बेत चांगला आहे, मी तो नाकारणार नाही. पण जागा सहाच आहेत. आपला ग्रेट टस्क काढता येत नाही, कारण मैदानावरचे काटे तोच साफ करतो. घोल्डेंगो, रॉक टाकणारा आणि वेग वाढवणारा स्कार्फ घातलेला स्कार्फवाला हेही जागेवर हवेत. उरतो तो तुझा कोतवाल.

कोतवालाला काढायचा विचार माझ्या मनात आला, एवढेच नव्हे तर काल संध्याकाळी सामन्याआधी मी तशी टीम जतनही करून ठेवली होती. तुझ्यापासून ते लपवायचे नाही. नंतर त्याच सामन्यात मी कोतवालाला हाताने मागे ओढले, आणि चूक तिथेच झाली. ग्रेट टस्कसमोर कोतवाल आला की त्याला जमिनीची चाल लागत नाही. तो ग्रेट टस्कहून हळू असल्यामुळे आधी नॉक ऑफ सोसतो, मग यू-टर्न मारतो, म्हणजे फटका देऊन लगेच परततो, आणि थोरला पूर्ण एचपीने, मल्टिस्केल शाबूत ठेवून, बुटांसकट उतरतो. त्यानंतरच्या डान्सला एकच नॉक ऑफ बसला असता, तोही अर्ध्या जोराचा. शेवटी ड्रॅको मीटिअरसमोर काय झाले असते ते सांगता येत नाही, पण थोरल्याकडे सत्तरेक एचपी जास्त असते. हा एक यू-टर्न मी विसरलो, कारण गेले सात महिने मी कोतवालाला मार खाणारा एक जादा गडी समजत आलो. तू त्याला ते नाव दिलेस तेव्हा मी हसलो होतो, आणि तू गंभीर होऊन म्हणाला होतास की खरा कोतवाल पक्षी मुठीएवढा असतो, पण कावळ्या-घारींना हुसकावून लावतो, आणि बाकीची पाखरे त्याच्या झाडावर निर्धास्त घरटी करतात. आज पहाटे ते वाक्य मला जसेच्या तसे आठवले.

आपण स्वीपर, म्हणजे एकट्याने समोरचे सगळे झाडून काढणारा, बांधतो म्हणतो, तेव्हा नेचर, चार चाली आणि टेरा यांवरच भांडत बसतो. डान्स करायला जी एक मोकळी खेळी लागते ती कोण मिळवून देतो, याचा हिशेब तू टीम मांडतानाच करायचास आणि मी सामना हरल्यावर करतो आहे. मला वाटते अ‍ॅडमंटचा जादा दहा टक्के अटॅक हवा असेल, तर त्याची किंमत कोतवाल आहे. जॉली केला की ड्रॅगापल्टची जबाबदारी थोरला स्वतः उचलतो आणि किंगॅम्बिटची गरजच राहात नाही. दोन्ही वाटा मला आता नीट दिसतात, पण निर्णय एकट्याने घ्यावासा वाटत नाही, कारण मागचा निर्णय मी एकट्याने घेतला होता.

माझा कल जॉलीकडे आहे. तरी तुझे ऐकल्याशिवाय तो शब्द पुन्हा बदलणार नाही. येत्या रविवारी त्याच माणसाशी परतीचा सामना आहे, तोवर उत्तर दे. स्कार्फवाला लँडोरस समोर आला तर त्याचा वेग ४६३ आहे आणि तो जॉली थोरल्यालाही मागे टाकतो, त्याचे काय करायचे तेही सांग. त्याच्यासाठी एक्स्ट्रीम स्पीड पुरेल असे मला वाटते, पण मागच्या वेळीही मला असेच वाटले होते.

तुझे नवे काम कसे चालले आहे? घर लावून झाले का? छोटीला आता चालता येत असेल. वहिनींना नमस्कार सांग आणि काकांच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले का ते कळव. मी खरोखर विचारायला हवे होते, पुढच्या पत्रात सविस्तर विचारीन.

तुझाच,
मित्र

ता. क. – पत्र बंद करता करता आणखी एक हिशेब केला. जॉली असताना वेगात २५२ ईव्ही, म्हणजे आपण वाटून द्यायचे गुण, घालायची गरज नाही, २४४ पुरतात. त्यांनी वेग २८२ होतो, डान्सनंतर ४२३, म्हणजे ड्रॅगापल्टहून दोन जास्त. २४० वर थांबलो तर मात्र बरोबर ४२१ ला बरोबरी होते आणि कोण आधी खेळणार ते नशिबावर जाते. वाचलेले आठ ईव्ही एचपीत घातले तर दोन एचपी वाढतात. एकदा तूही मोजून पाहा. मी तीनदा मोजले आहे.