समोरचं दार

शिकागो, जुलै

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बाबा हसले, "शिकागोत कसला आलाय उकाडा?" म्हणून सविस्तर लिहिते. १९९५च्या जुलैमध्ये इथे पारा ४१ अंशांवर गेला होता, रात्रीही उतरेना. नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. बरीचशी म्हातारी, एकटी, खिडक्या लावून बसलेली.

नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या इथल्या अगदी लागून असलेल्या वस्त्या. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. तरी नॉर्थमध्ये मृत्यूचं प्रमाण साउथच्या जवळजवळ दहापट! ऊन काय वस्ती बघून पडतं? साउथमध्ये रस्त्यावर दुकानं, वर्दळ. म्हातारी माणसंही बाहेर पडायची, येणारेजाणारे त्यांना ओळखायचे. नॉर्थमध्ये ओसाड प्लॉट आणि गुंडगिरीची धास्ती, त्यामुळे दारं बंद.

हे कळलं तेव्हा माझीच मला लाज वाटली. तीन वर्षं झाली, समोरच्या आजींचं नावही मला ठाऊक नव्हतं. यंदा उकाड्याचा इशारा आला तशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात कागद चिकटवला, कोणी कुणाचं दार वाजवायचं त्याचा. माझ्या वाट्याला नेमक्या त्याच आजी. पहिल्या दिवशी दाराची साखळी न काढताच म्हणाल्या, "मला काही विकत घ्यायचं नाहीये." तिसऱ्या दिवशी आत बोलावलं. पंखा भणभणत होता, पण बंद खोलीतली तीच गरम हवा घुसळत. खिडकी जुन्या रंगाने चौकटीला चिकटून बसलेली. सुरीने रंग खरवडायला आम्हा दोघींना तासभर लागला. रात्री ती उघडली तेव्हा आजी नुसत्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. आता सकाळी मला उशीर झाला, तर त्याच माझं दार वाजवतात.

बाबा, "आपलं आपण बघून घेऊ" हे मला पुरतं माहीत आहे. पण पावसात पाणी साचलं, लाइट गेले, लिफ्ट बंद पडली, तर मी इथून फोनच करणार, तोही तुमचा चार्ज असेल तर. घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेवा. पार्किंगवरून धरलेला अबोला हवं तर दिवाळीनंतर पुन्हा धरा! आई, त्यांचा नंबर मला पाठव, माझा त्यांना दे.

आणि वरच्या मजल्यावरचे काका आता एकटेच असतात ना? त्यांचं दार कोण वाजवतं?

तुमची,
छोटी